दारूचे व्यसन : तौबा, उपचार आणि कुटुंबाचे कर्तव्य

दारू हराम आहे, हे मुस्लिम वाचकाला सांगण्यासाठी लेख लिहिण्याची गरज नाही. आपल्या घरातील लहान मूलही ते जाणते. तरीही आपल्या मोहल्ल्यांतून, आपल्या नात्यागोत्यातून आणि कित्येकदा आपल्याच उंबरठ्याच्या आत दारू शिरलेली आहे, हे सत्य डोळे मिटून नाहीसे होत नाही. जो पितो त्यालाही ती हराम असल्याचे ठाऊक असते. तो रमजानमध्ये सोडतो, ईदनंतर पुन्हा धरतो. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो आणि आठवड्याच्या आत ती मोडतो. म्हणून आजच्या लेखातील प्रश्न निराळा आहे. ज्याला हराम-हलाल कळते पण सुटका होत नाही, त्याच्यासाठी आपला दीन काय मार्ग दाखवतो? वैद्यकशास्त्र त्याविषयी काय सांगते? आणि अशा माणसाच्या पत्नीने, आईवडिलांनी, भावाने व मोहल्ल्याने काय करावे? कृपया हा लेख घरात सर्वांनी मिळून वाचावा, कारण त्यातील एक-दोन गोष्टींच्या अज्ञानापायी माणसे प्राणास मुकतात.

मनाई कशी आली?

अज्ञानकाळातील अरबस्तानात दारू ही मेजवानीची, व्यापाराची आणि प्रतिष्ठेची वस्तू होती. अशा समाजाला अल्लाहने एका दिवसात दारू सोडायला लावली नाही. मक्केत अवतरलेल्या सूरह अन-नहलच्या ६७व्या आयतीत खजूर व द्राक्षे यांपासून माणसे नशेची वस्तूही बनवतात आणि उत्तम अन्नही मिळवतात, असा उल्लेख आला. नशेची वस्तू आणि उत्तम अन्न यांची नावे वेगवेगळी घेतली गेली, एवढाच तो इशारा होता. पुढे सूरह अल-बकराच्या २१९व्या आयतीत दारू व जुगार यांत लोकांसाठी काही लाभ असले तरी त्यांचा गुनाह लाभाहून मोठा असल्याचे सांगितले गेले. त्यानंतर सूरह अन-निसाच्या ४३व्या आयतीने नशेत असताना नमाजच्या जवळ जाण्यास मनाई केली. दिवसातून पाच वेळा शुद्धीवर राहायचे म्हटल्यावर पिण्यासाठी वेळच थोडा उरला. अखेरीस सूरह अल-माइदाच्या ९० व ९१व्या आयतींनी दारूला सैतानी कृत्यांतील घाण ठरवून तिच्यापासून पूर्णपणे दूर राहण्याचा आदेश दिला. दारू आणि जुगार यांच्याद्वारे सैतान तुमच्यात वैर व द्वेष पेरू इच्छितो, तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून आणि नमाजपासून रोखू इच्छितो, हे कारणही तेथेच स्पष्ट केले आणि तुम्ही आता तरी थांबणार का, असा प्रश्न विचारला.

हा आदेश आला तेव्हा हजरत अनस (रजि.) हे हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी पाहुण्यांना खजुराची दारू वाढत होते. बाहेर घोषणा झाली. अबू तल्हा (रजि.) यांनी ती सगळी ओतून टाकण्यास सांगितले. त्या दिवशी मदीनेच्या गल्ल्यांतून दारू वाहिली, असे बुखारी व मुस्लिम यांतील हदीसमध्ये नमूद आहे. कोणी हिशेब मांडला नाही की कोणी सवलत मागितली नाही.

परंतु या आज्ञापालनामागे वर्षांची तयारी होती. हजरत आयशा (रजि.) यांनी हे मर्म उलगडून सांगितले आहे. कुरआनच्या आरंभी जन्नत व जहन्नमचे वर्णन करणाऱ्या सूरह अवतरल्या आणि लोकांची मने इस्लामवर स्थिर झाल्यावर हलाल-हरामचे आदेश आले. पहिलाच आदेश दारू सोडण्याचा असता, तर लोकांनी ती कधीही न सोडण्याचेच म्हटले असते, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे. या क्रमाचा अर्थ आज कोणी 'आपणही हळूहळू सोडू, तोवर थोडी चालेल' असा काढू नये. धर्माज्ञा पूर्ण झालेली आहे आणि ज्या पेयाचे जास्त प्रमाण नशा आणते त्याचे थोडे प्रमाणही हराम आहे, ही हदीस प्रसिद्ध आहे. क्रमातून घ्यायचा बोध असा की, माणसाच्या सवयी कशा मोडतात हे त्याच्या निर्मात्याला पुरते ठाऊक आहे. मन तयार करणे, पर्याय देणे, आधार देणे आणि मग ठाम 'नाही' म्हणणे, ही त्याची रीत आहे.

'खम्र' या अरबी शब्दाच्या मुळाशी झाकण्याचा अर्थ आहे. हजरत उमर (रजि.) यांनी मिंबरवरून स्पष्ट केले होते की, जी वस्तू अक्कल झाकून टाकते ती खम्र होय. म्हणून देशी, विदेशी, ताडी, बिअर वा वाइन असा भेद धर्मात नाही. 'बिअर म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य तरुणांच्या तोंडी ऐकू येते. त्याचे उत्तर चौदा शतकांपूर्वीच देऊन झाले आहे.

शरीरात काय घडते?

दारूतील नशा आणणारे द्रव्य म्हणजे इथेनॉल. ते पोटातून व आतड्यांतून रक्तात मिसळते आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोचते. त्याचा निचरा करण्याचे काम प्रामुख्याने यकृत करते. यकृत इथेनॉलचे रूपांतर प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात करते आणि मग त्याला निरुपद्रवी बनवते. हे मधले द्रव्य पेशींच्या गाभ्याला इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. तंबाखूही त्याच गटात आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, या सात ठिकाणच्या कर्करोगाशी दारूचा संबंध सिद्ध झालेला आहे. गुटखा वा सिगारेट यांच्या जोडीने दारू असेल, तर तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो.

यकृताची हानी टप्प्याटप्प्याने होते. आधी त्यात चरबी साठते. मग सूज येते आणि कावीळ होते. शेवटी यकृत आक्रसून कठीण होते, ज्याला सिरोसिस म्हणतात. मग पोटात पाणी साचते आणि रक्ताच्या उलट्या होतात. पहिल्या टप्प्यावर दारू पूर्ण सोडली, तर यकृत बहुधा पूर्ववत होते. शेवटच्या टप्प्यावरही सोडल्याने आयुष्य वाढते, पण झालेले व्रण सहसा भरून येत नाहीत. याखेरीज स्वादुपिंडाला सूज येणे, रक्तदाब वाढणे, हृदयाचे स्नायू दुबळे होणे, हातापायांच्या नसा बधिर होणे, स्मृती ढासळणे आणि नैराश्य हे परिणाम वेगळेच. गरोदर स्त्रीने दारू घेतली, तर गर्भाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाही, हे याच संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. 'थोडी घेतली तर हृदयाला चांगली' ही समजूत आता वैद्यकानेच मागे टाकली आहे.

थंडीत ब्रँडीने ऊब येते, ही आणखी एक समजूत. खरे असे घडते की, दारूने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे अंग गरम भासते, पण आतील उष्णता त्वचेवाटे बाहेर जाते आणि शरीर अधिक गार होते. सर्दी झालेल्या बाळाला चमचाभर ब्रँडी देण्याची रीत काही घरांत आढळते. ती हरामही आहे आणि बाळासाठी धोक्याचीही. हजरत तारिक बिन सुवैद (रजि.) यांनी औषध म्हणून दारू तयार करण्याविषयी विचारले, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ती औषध नसून रोग आहे असे सांगितले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

हातभट्टीच्या दारूचा धोका आणखी वेगळा. तिच्यात मिथेनॉल मिसळलेले असेल, तर शरीरात त्याचे फॉर्मिक अ‍ॅसिड बनते. त्याने डोळ्यांची नस जळते, दृष्टी जाते आणि माणूस दगावतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीत अशाच विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक रोजंदारीवर जगणारे होते. प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी अंधुक दिसू लागले, पोटात तीव्र कळा आल्या वा श्वास जोरजोराने चालू लागला, तर लाज बाजूला ठेवून तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

गुनाह की आजार?

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. धार्मिक वृत्तीची माणसे म्हणतात, हा गुनाह आहे, तौबा करा म्हणजे झाले. डॉक्टर म्हणतात, हा आजार आहे, उपचार करा. खरे पाहता यात विरोध नाही. पहिला घोट माणूस आपल्या मर्जीने घेतो. तो गुनाह आहे आणि त्याची जबाबदारी त्याचीच आहे. परंतु वर्षानुवर्षे रोज दारू मिळत राहिली की मेंदू तिच्यानुसार स्वतःची घडी बसवतो. दारू मज्जासंस्थेला मंदावते, म्हणून मेंदू उलट बाजूने स्वतःला सतत उत्तेजित ठेवू लागतो. मग आधीच्या प्रमाणात नशा चढत नाही, जास्त लागते. आणि दारू थांबली की ते उत्तेजन मोकाट सुटते. या अवस्थेत केवळ 'मनावर घे' असे सांगणे म्हणजे मोडक्या पायाच्या माणसाला धाव म्हणण्यासारखे आहे.

प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज ठेवला आहे, म्हणून उपचार करा, हा पैगंबर (स.) यांचा आदेश आहे. तेव्हा व्यसनी माणसाची धार्मिक जबाबदारी संपत नाही, तिचे रूप बदलते. उपचाराला जाणे हाच आता त्याच्या तौबेचा भाग होतो. जो बुडतो आहे आणि दोर समोर असूनही धरत नाही, तो बुडण्याबद्दल उत्तरदायी ठरतो.

व्यसन जडले आहे की नाही, हे ओळखण्यासाठी डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात. पिणे कमी करावे असे तुम्हाला कधी वाटले का? तुमच्या पिण्यावर कोणी बोलले तर चीड येते का? पिण्याबद्दल मनात अपराधी वाटते का? सकाळी उठल्यावर हात स्थिर होण्यासाठी वा डोके उतरवण्यासाठी प्यावी लागते का? चारपैकी दोनांना 'होय' असे उत्तर आले, तर डॉक्टरांना भेटणे अगत्याचे आहे. चौथ्या प्रश्नाला 'होय' असेल, तर पुढील भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा.

तौबेनंतरचे पहिले चार दिवस

एखादा माणूस वर्षानुवर्षे रोज पीत आलेला असतो. जुम्याचा खुतबा ऐकून किंवा मुलीचे अश्रू पाहून त्याचे मन पालटते. तो रडून तौबा करतो आणि त्या क्षणापासून दारूला शिवत नाही. घरात आनंद होतो. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागतात, घाम सुटतो, उलट्या होतात, झोप उडते. कधी आकडी येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास तो भिंतीवर किडे पाहू लागतो, नसलेल्या माणसांशी बोलतो, घरच्यांना ओळखत नाही, अंगावर धावून येतो. घाबरलेले घरचे म्हणतात, दारू सोडली म्हणून जिन्न चिडला, बाहेरचे झाले. मग आमिलकडे धाव, ताबीज, धूप. त्यात एक दिवस जातो, आणि तो दिवसच प्राणघातक ठरतो.

वाचकहो, ही जिन्नाची बाधा नव्हे. दारू एकाएकी थांबल्याने मेंदूत उठलेले हे वादळ आहे. वैद्यकात याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न झाल्यास यात मृत्यू येऊ शकतो. रुग्णालयात मात्र याच्यावर चांगला इलाज आहे. मेंदू शांत करणारी औषधे ठरावीक प्रमाणात देऊन काही दिवसांत ती कमी करत नेतात, शरीरातील पाणी व क्षार सांभाळतात आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. दीर्घकाळ पिणाऱ्यांत या जीवनसत्त्वाची फार उणीव असते. ती भरून न काढल्यास तोल जाणे, नजर न जुळणे व गोंधळ, आणि पुढे कायमचा स्मृतिभ्रंश ओढवतो. रुग्णाच्या उशाशी कुरआनचे पठण अवश्य करावे, दुआ करावी, पण ती रुग्णालयातील खाटेशेजारी करावी.

म्हणून हे सूत्र प्रत्येक इमामाने, प्रत्येक जमातच्या साथीदाराने आणि प्रत्येक गृहिणीने लक्षात ठेवावे : रोज भरपूर पिणाऱ्याने तौबा आजच करावी, आणि दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवावी. पूर्वी कधी सोडताना आकडी आली असेल, भास झाले असतील, वय अधिक असेल वा यकृत-हृदयाचा आजार असेल, तर घरी प्रयोग करूच नये. तौबेला एका तासाचाही विलंब नको, आणि डॉक्टरांकडे जाण्यासही नको. दोन्ही एकाच दिवशी होऊ शकतात.

येथे दोन शंका निघतात. एक, रुग्णालयातील गोळ्यांनी गुंगी येते, मग तीही नशाच नव्हे काय? नाही. आजारावर, तज्ज्ञाने ठरवलेल्या प्रमाणात व मुदतीत दिलेले ते औषध आहे. जसे शस्त्रक्रियेपूर्वी भूल देतात, तसेच हे. मात्र त्याच गोळ्या नंतर दुकानातून आपल्या मर्जीने घेत राहणे हे दुसऱ्या व्यसनाचे दार आहे. दोन, हे सारे रमजानमध्ये घडले तर रोज्याचे काय? आजाऱ्याला रोजा पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची मुभा सूरह अल-बकराच्या १८४ व १८५व्या आयतींनी दिली आहे. डॉक्टर औषध व पाणी आवश्यक सांगत असतील, तर ती मुभा घ्यावी.

रमजानपुरती सोडणाऱ्यांसाठी एक इशारा. महिनाभर न घेतल्याने शरीराची सहनशक्ती घटते. त्यानंतर चाँदरातीला एकदम पूर्वीइतकीच प्यायल्यास शुद्ध हरपून श्वास थांबण्याचा धोका असतो. जो तीस दिवस राहू शकला, त्याने एकतिसाव्या दिवशी बाटलीऐवजी डॉक्टरकडे जावे. त्याचे अर्धे काम झालेलेच आहे.

मदत कोठे मिळेल?

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे. पण दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता तरी उपचार मिळतो. बाकीच्यांना बहुधा लाज अडवते किंवा माहितीचा अभाव.

जिल्हा रुग्णालयात व वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून कार्यरत आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केले. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस सेवा १४४१६ वर मिळते. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आपल्याकडेही भरतात. तेथे दारू सोडलेली माणसेच एकमेकांना आधार देतात, शुल्क घेत नाहीत आणि नाव बाहेर जाऊ देत नाहीत. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हे वेगळे गट आहेत. या ठिकाणी निरनिराळ्या धर्मांची माणसे येतात म्हणून संकोच नको. ईश्वरावर भिस्त ठेवणे, चुकांची कबुली देणे, ज्यांना दुखावले त्यांची भरपाई करणे, ही शिकवण मुस्लिमाला परकी वाटण्याचे कारण नाही.

केंद्र निवडताना तेथे पात्र डॉक्टर आहेत का, शासनाची परवानगी आहे का आणि रुग्णाला भेटू देतात का, हे पाहावे. साखळीने बांधणे वा मारहाण करणे हा इलाज नव्हे.

आणखी एक धोक्याची सूचना. 'जेवणात गुपचूप मिसळा, पंधरा दिवसांत दारू सुटेल' अशा पुड्या विकल्या जातात. दारूसोबत तीव्र त्रास निर्माण करणारे डायसल्फिराम नावाचे औषध डॉक्टर काही रुग्णांना देतात, पण रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन व तपासण्या करून. तेच जर नकळत दिले आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. प्रेमापोटीही असे करू नये.

चाळीस दिवसांची नमाज

दारू पिणाऱ्याची नमाज चाळीस दिवस कबूल होत नाही, असा आशय असलेली हदीस बहुतेकांनी ऐकलेली असते. तिचा एक विपरीत परिणाम घडतो. माणूस म्हणतो, कबूलच होणार नाही तर पढू कशाला? आणि मशीद सोडतो. सैतानाला याहून अधिक काय हवे? माइदाच्या आयतीत सैतानाचा हेतूच नमाजपासून रोखण्याचा सांगितला आहे.

उलमांनी या हदीसचा अर्थ असा स्पष्ट केला आहे की, त्या नमाजचा सवाब त्याच्या पदरी पडत नाही, पण फर्ज अदा होतो. नमाज सोडली, तर मात्र दुसरा मोठा गुनाह माथी येतो. शिवाय त्याच हदीसमध्ये पुढे हेही आहे की, त्याने तौबा केली तर अल्लाह त्याची तौबा स्वीकारतो. आपण धमकीचा भाग पाठ केला आणि आशेचा भाग विसरलो. तेव्हा पिणाऱ्याने शुद्धीवर असताना पाचही नमाज धराव्यात. पाच वेळची वुजू, पाच वेळची जमात, हीच पुढे त्याच्या दिवसाला आधार देते. संध्याकाळी सात वाजता पाय जेथे वळत होते, त्या वेळी मगरिब ते इशा तो मशिदीत बसू शकतो. व्यसनमुक्तीचे जाणकारही हेच सांगतात की, पिण्याची वेळ, जागा आणि संगत बदलल्याशिवाय सुटका टिकत नाही.

आणि तो मशिदीत आला, तर आपली वागणूक कशी असावी? पैगंबर (स.) यांच्या काळात एका माणसाला दारूच्या गुनाहसाठी वारंवार आणले जाई. एकदा शिक्षा झाल्यावर कोणीतरी त्याला शाप दिला. पैगंबर (स.) यांनी तसे करण्यास मनाई केली आणि त्या माणसाचे अल्लाह व त्याच्या पैगंबरावर प्रेम असल्याची ग्वाही दिली. दुसऱ्या एका कथनात आपल्या भावाविरुद्ध सैतानाचे मदतनीस होऊ नका, अशी ताकीद आहे. दोन्ही हदीस सहीह बुखारीत आहेत. येथे शिक्षा माफ झालेली नाही, गुनाहला गुनाहच म्हटले गेले आहे, आणि तरी त्या माणसाला जमातबाहेर ढकललेले नाही. आपल्या सफमध्ये अशा माणसाशेजारी उभे राहताना नाक मुरडणाऱ्यांनी हे वाचावे.

कुटुंबाने काय करावे?

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून पुष्कळ घरे हे दुखणे वर्षानुवर्षे झाकतात. मुस्लिमाचा ऐब झाकण्याची शिकवण खरी आहे. पण तिचा अर्थ त्याची चारचौघांत बदनामी न करणे असा आहे, त्याला उपचाराविना मरू देणे असा नाही. हजरत हिंद (रजि.) यांनी पतीच्या कंजूषपणाची तक्रार पैगंबर (स.) यांच्याकडे केली, तेव्हा त्यांनी तिला गीबत म्हटले नाही, तर मार्ग सांगितला. डॉक्टरांना, समुपदेशकाला वा विश्वासू आलिमला खरे सांगणे ही गीबत नव्हे.

झाकताना नकळत आपण व्यसनाला हातभारही लावतो. गुत्त्याची उधारी फेडतो, 'ताप आहे' म्हणून कामावर खोटा निरोप देतो, त्याने केलेले नुकसान गुपचूप भरतो. मग त्याला सोडण्याचे कारणच उरत नाही. त्याच्यावर प्रेम ठेवावे, उपचाराचा खर्च करावा, पण दारूचे परिणाम त्याच्यावतीने उचलू नयेत. तो शुद्धीवर असताना, सकाळच्या वेळी, शिवीगाळ न करता, काय काय घडले ते सांगावे आणि उपचाराची तारीख ठरवूनच उठावे. प्यायलेल्या माणसाशी वाद घालून काहीही साधत नाही.

'लग्न करून द्या, जबाबदारी आली की सुधारेल' हा सल्ला अत्यंत घातक आहे. लग्न हे व्यसनावरील औषध नव्हे. वधूपक्षापासून अशी गोष्ट लपवणे ही फसवणूक आहे. एका मुलाला वाचवण्याच्या आशेने परक्या मुलीचे आयुष्य पणाला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आणि सब्र. मार खाणाऱ्या स्त्रीला आपण फार सहजपणे सब्र करायला सांगतो. जालीम असो वा मजलूम, आपल्या भावाला मदत करा असे पैगंबर (स.) यांनी सांगितले आणि जालीमला मदत म्हणजे त्याचा हात रोखणे, असा खुलासाही केला. म्हणून मारहाण होत असेल तर स्त्रीने मुलांसह सुरक्षित ठिकाणी जावे, वडीलधाऱ्यांनी तिच्या पाठीशी उभे राहावे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण तिला आहे आणि १८१ ही महिलांसाठीची दूरध्वनी सेवा आहे. पतीच्या आजाराबद्दल कणव आणि त्याच्या हाताला अटकाव, दोन्ही एकाच वेळी शक्य आहे, आणि दोन्ही आवश्यक आहे.

पाय पुन्हा घसरला तर

तौबेच्या अटी उलमांनी सांगितल्या आहेत : गुनाह सोडणे, मनापासून पस्तावणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे, आणि कोणाचा हक्क मारला असेल तर तो परत करणे. चौथी अट व्यसनी माणसाला विशेष लागू आहे. पत्नीचे विकलेले दागिने, मुलांच्या शिक्षणाचे उडवलेले पैसे, आईला बोललेले शब्द, याचा हिशेब त्याने मांडावा आणि कुवतीप्रमाणे फेडू लागावे.

निश्चय खरा असूनही पुष्कळांचा पाय पुन्हा घसरतो. दमा वा रक्तदाब यांसारख्या जुनाट आजारांतही दुखणे उलटतेच. अशा वेळी 'माझी तौबा खोटी होती, मी जहन्नमीच' असे म्हणून जो हात टेकतो, तो एका घोटावरून थेट बाटलीकडे जातो. बंदा गुनाह करतो, माफी मागतो, पुन्हा चुकतो, पुन्हा माफी मागतो आणि त्याचा रब प्रत्येक वेळी माफ करतो, हा आशय बुखारी व मुस्लिममधील हदीसमध्ये आला आहे. नवी चूक ही नवी चूक आहे. तिने आधीची खरी तौबा पुसली जात नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना वा आधारगटातील सोबत्याला कळवावे, घरी खरे सांगावे, वुजू करून दोन रकअत पढावी आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागावे. घरच्यांनीही त्या दिवशी टोमणा न मारता एवढेच विचारावे : डॉक्टरकडे कधी निघायचे?

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा कदाचित आपल्याच घरात कोणी उशिरा परतत असेल. आपण त्याची वाट पाहत बसला असाल. आज रात्री त्याच्याशी भांडू नका. त्याला झोपू द्या. तहज्जुदला उठून त्याचे नाव घेऊन दुआ मागा आणि सकाळी त्याचा हात धरून रुग्णालयात जा.

हे अल्लाह, आमच्या घरांना या घाणीपासून पाक कर. जे यात अडकले आहेत त्यांना खरी तौबा आणि पूर्ण शिफा दे. त्यांच्या पत्नींचे, मुलांचे व आईवडिलांचे अश्रू पूस. आणि आम्हाला आमच्या भावाविरुद्ध सैतानाचे मदतनीस होण्यापासून वाचव. आमीन.